भरलेल्या वर्गाचे मोजमाप



शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानमालेत अभ्यासक्रम, माध्यम, परीक्षापद्धती किंवा शिक्षकांचे प्रश्न यांवर बोलावे, अशी रीत आहे. हे सगळे विषय मोलाचे आहेत. पण या सगळ्यांना एक जागा लागते आणि त्या जागेकडे आपण फारसे पाहत नाही. शिक्षणहक्क कायद्यानेच पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे आठवी पूर्ण करणारे मूल किमान 7000 तास शिकण्यात घालवते, आणि त्यांतले बहुतेक तास चार भिंतींच्या आत जातात. त्या तासांत ते कोणती हवा श्वासात घेते, किती उकाड्यात बसते, फळा त्याला कितपत दिसतो आणि शिक्षकांचे बोलणे शेवटच्या बाकापर्यंत कितपत पोहोचते, याची नोंद ठेवण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की ही नोंद झाली पाहिजे. ती वर्ग मुलांनी भरलेला असताना झाली पाहिजे. हवा, उष्मा, उजेड आणि आवाज या चारही गोष्टींची एकत्र झाली पाहिजे. आणि तिच्यामुळे त्या खोलीत काहीतरी बदलले पाहिजे.

आपण शाळांचे मोजमाप करत नाही असे नाही. 2009च्या याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीचे निकष दिलेले आहेत: सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलगे आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वयंपाकाची जागा, क्रीडांगण, कुंपण. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायस प्लस या सरकारी प्रणालीच्या वार्षिक माहितीत खोल्या किती, त्यांतल्या पक्क्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती, वीज आहे का, रॅम्प आहे का, असे प्रश्न असतात. या मोजणीला कमी लेखण्याचे कारण नाही. मुलींसाठी स्वच्छतागृह नाही हे आकड्यांत दिसू लागले तेव्हाच त्याचा पाठपुरावा करता आला. जी उणीव कागदावर येते तिच्यासाठी पैसा मागता येतो, ही आपल्या प्रशासनाची चांगली बाजू आहे. अडचण अशी की हे सारे प्रश्न रिकाम्या इमारतीला विचारलेले आहेत. खिडकी आहे की नाही हे त्यांतून कळते, ती उघडता येते का हे कळत नाही. वीज आहे हे कळते, फळ्यावर उजेड पडतो का हे कळत नाही. छप्पर पक्के आहे हे कळते, पण एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता त्या छपराखाली बसलेल्या मुलाला गणित सुचते का, हे कळण्याची सोय नाही.

हे ज्ञान नवे असते तर आपल्या दुर्लक्षाला निमित्त तरी मिळाले असते. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 सालीच माणसांनी भरलेल्या खोलीतील हवा बिघडल्याची खूण म्हणून कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुचवले होते आणि हजारात एक भाग, म्हणजे आजच्या मापात दशलक्षात 1000 भाग, ही मर्यादा सांगितली होती. हा वायू त्या प्रमाणात विषारी आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. खोलीतल्या माणसांनी सोडलेली हवा बाहेर जाऊन ताजी हवा येते की नाही, हे त्यावरून ओळखता येते, एवढाच त्यांचा मुद्दा होता. आजही तो तसाच खरा आहे. पुढच्याच दशकात ब्रेस्लाऊचे नेत्रवैद्य हेर्मान कोन यांनी 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि 1867 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या इयत्तांमध्ये जवळचेच दिसण्याचा दोष वाढत जातो हे त्यांनी दाखवले, आणि वर्गातल्या अपुऱ्या उजेडाचा प्रश्न युरोपात सार्वजनिक चर्चेत आणला. मुलांच्या वर्गखोलीची शास्त्रीय तपासणी ही अशी दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे.

प्रथम हवा पाहू. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक वर्गखोली धरा. तिच्यात 144 घनमीटर हवा मावते. दहा-बारा वर्षांचे मूल बसून लिहीत-वाचत असताना तासाला साधारण 15 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. चाळीस मुलांचे मिळून तासाला 600 लिटर होतात. बाहेरच्या हवेत सध्या या वायूचे प्रमाण दशलक्षात सव्वाचारशेच्या आसपास आहे. दारे-खिडक्या अगदी घट्ट बंद ठेवल्या तर पाऊण तासाची एक तासिका संपताना वर्गातले प्रमाण साडेतीन हजारांवर पोहोचेल. उच्छ्वासात हा वायू दशलक्षात 38,000 भागांच्या आसपास असतो. त्या हिशेबाने त्या घटकेला मुलांनी आत घेतलेल्या दर बारा श्वासांतला एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आधीच बाहेर आलेला असतो. उलट प्रत्येक मुलामागे सेकंदाला 10 लिटर ताजी हवा येत राहिली तर हेच प्रमाण साडेआठशेच्या खाली स्थिरावते, आणि तीनच लिटर येत असेल तर अठराशेच्या पुढे जाते. छताचा पंखा जोरात फिरत असला तरी या हिशेबात काहीच फरक पडत नाही, कारण तो आतलीच हवा हलवतो, नवी आणत नाही.

ही आकडेमोड महत्त्वाची का, याची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर संसर्गाचे. क्षय आणि गोवर हे हवेतून पसरणारे रोग आहेत, आणि जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. तैवानची राजधानी तैपेई येथील एका विद्यापीठात क्षयाची साथ पसरली तेव्हा वर्गांतील कार्बन डायऑक्साइड 3000च्या वर असल्याचे आढळले. वायुवीजन सुधारून ते 600च्या आसपास आणल्यावर संपर्कातील विद्यार्थ्यांमधले नव्या क्षयरोगाचे प्रमाण 97 टक्क्यांनी घटले, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. कोविडच्या काळात हाच धडा जगाने पुन्हा घेतला. ब्रिटनच्या सरकारने 2021 मध्ये शाळांना सुमारे तीन लाख कार्बन डायऑक्साइड मापक वाटण्याचा कार्यक्रम हाती घेतला. दुसरे उत्तर अभ्यासाचे. पीटर वारगॉकी आणि डेव्हिड वायन यांनी डेन्मार्कमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या नेहमीच्या वर्गांतच प्रयोग केले. ताज्या हवेचा पुरवठा वाढवल्यावर मुलांचा वाचन-गणिताच्या कामाचा वेग वाढला. चुकांच्या प्रमाणात मात्र फारसा फरक पडला नाही. कोंदट खोलीत मूल चुकत नसेलही, पण त्याचे काम मंदावते, आणि हे मंदावणे शिक्षकाच्या नजरेला आळसासारखे दिसते. मोजमाप नसले की खोलीचा दोष मुलाच्या नावावर लिहिला जातो.

उष्म्याबाबत महाराष्ट्राने काही प्रमाणात जागरूकता दाखवली आहे. विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. 2025च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या शाळा सकाळच्या सत्रात भरवण्याचा निर्णय झाला. हे निर्णय योग्यच आहेत. पण त्यांचा आधार वेधशाळेचे तापमान हा असतो, आणि ते मोकळ्या जागेतल्या, सावलीतल्या पेटीत मोजलेले असते. मूल त्या पेटीत बसत नाही. ते पत्र्याखाली किंवा सिमेंटच्या स्लॅबखाली बसते. तापलेला पत्रा वरून उष्णता फेकत राहतो, आणि साध्या तापमापकावर 36 अंश दिसत असले तरी अंगाला त्याहून बरेच अधिक जाणवते. पत्रा उन्हाबरोबर लगेच तापतो आणि ऊन उतरताच निवतो. स्लॅब सावकाश तापतो आणि दिवसभराची उष्णता दुपार टळल्यावर, संध्याकाळपर्यंत खाली सोडत राहतो. म्हणून सकाळच्या सत्राचा दिलासा पत्र्याच्या शाळेला आणि वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या वर्गाला सारखाच मिळेल असे नाही. शहरांत जिथे एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशने भरतात, तिथे दुपारच्या मुलांच्या वाट्याला तापलेला स्लॅबही येतो आणि सकाळच्या मुलांनी वापरलेली हवाही. ज्या वस्तीत जागा कमी तिथेच दोन अधिवेशने भरतात, हेही विसरता येत नाही. एक वेळापत्रक सगळ्या छपरांना लागू करण्याऐवजी छपराखाली काय घडते ते मोजले, तर निर्णय अधिक नेमका होईल. कोकणात आणखी वेगळी गोष्ट: तिथे पारा फार चढत नाही, पण दमट हवेत घाम सुकत नाही, आणि वारा नसेल तर 33 अंशांतही मूल गळून जाते.

उष्म्याचा शिकण्यावर परिणाम होतो याचे पुरावे आता भक्कम आहेत. जिसुंग पार्क, जोशुआ गुडमन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे निकाल तपासले. वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्ष एका अंश फॅरनहाइटने अधिक उष्ण गेले तर त्या वर्षीचे शिकणे जवळपास एक टक्क्याने घटते, असे त्यांना आढळले. भारताबाबत तीव्रत गर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘असर’ या वार्षिक शैक्षणिक पाहणीची आकडेवारी वापरून दाखवले की अतिउष्ण दिवस वाढले की पुढच्या वर्षी मुलांचे गणित आणि वाचन खालावते. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. या भारतीय अभ्यासाच्या मते परिणामाचा मोठा वाटा शेतीच्या उत्पन्नातून येतो. उन्हाने पीक जाते, घरची मिळकत घटते, आणि त्याचा फटका मुलाच्या आहाराला आणि शिक्षणाला बसतो. म्हणून ही सगळी घट वर्गातल्या उकाड्याच्या खात्यावर मांडता येणार नाही. पण त्यातून उलटा निष्कर्षही निघत नाही. घराचे नुकसान आणि वर्गातला उकाडा कोरडवाहू गावातल्या एकाच मुलाच्या वाट्याला येतात, आणि कोणाचा वाटा किती हे वेगळे करायचे तर वर्गातले मोजमाप हाताशी हवे. ते आज नाही, म्हणून आपल्याला परदेशातल्या आकड्यांवर बोलावे लागते.

आवाजाचा पुरावा सर्वांत बोलका आहे, कारण त्यात एकाच शाळेची दोन अंगे शेजारी ठेवून पाहता आली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील पी. एस. 98 या शाळेची एक बाजू उंचावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाला लागून होती. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी 1975 मध्ये दाखवले की रेल्वेच्या बाजूच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती आणि वरच्या इयत्तेत हे अंतर जवळपास वर्षभराचे झाले होते. पुढे रुळांखाली रबराचे तक्ते बसवले गेले, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे आच्छादन लावले गेले, आणि 1981च्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांमधला फरक उरला नव्हता. म्युनिकचा विमानतळ 1992 मध्ये जुन्या जागेवरून नव्या जागी गेला, तेव्हा जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरण आणि वाचनातली पिछाडी भरून निघाली आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांमध्ये तीच पिछाडी दिसू लागली. यापेक्षा स्पष्ट साक्ष कोणती हवी? दोन्ही ठिकाणी आवाज बदलला आणि त्यापाठोपाठ मुलांचे वाचन बदलले.

आपल्या वर्गात आवाज दोन वाटांनी येतो. पहिली वाट बाहेरची: रस्ता, भोंगे, लाउडस्पीकर, बांधकाम. दुसरी खोलीतली: शहाबादी फरशी, गुळगुळीत गिलावा आणि उघडा स्लॅब यांवरून शब्द परत परत आदळतो आणि एक अक्षर विरण्याआधीच दुसरे येऊन त्यावर चढते. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळू लागली की शिकवणे थांबवावेच लागते. तो वेळ कोणत्याही नोंदवहीत सुट्टी म्हणून लिहिला जात नाही. मोठ्या माणसाला भाषा येत असते, म्हणून अर्धवट ऐकलेला शब्द तो मनात पूर्ण करतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. घरी गोंडी, भिली, कोरकू किंवा अन्य भाषा बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाला तर मुळीच जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये वर्गातील पार्श्वभूमीच्या आवाजासाठी 35 डेसिबल आणि शब्द घुमण्याच्या काळासाठी 0.6 सेकंद ही मर्यादा सुचवली. आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत शाळेभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून आखता येतो आणि तिथे दिवसा 50 डेसिबलचे बंधन असते. उघड्या खिडकीतून आत येताना आवाज साधारण 10 ते 15 डेसिबलने उतरतो. म्हणजे हा नियम खरोखर पाळला गेला, तर खिडक्या उघड्या ठेवूनही शिकवता येईल. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

उजेडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचे उपाय सर्वांत सोपे आहेत. वाचन-लेखनाच्या जागी साधारण 300 लक्स उजेड असावा, हा सर्वमान्य दंडक आहे. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या वर्गात खिडकीपाशी याच्या कितीतरी पट उजेड असतो आणि आतल्या भिंतीकडच्या बाकांवर तो निम्म्याहूनही कमी पडू शकतो. त्याच वेळी खिडकीसमोर असलेल्या फळ्यावर तिरीप येते आणि अक्षरे दिसत नाहीत. पांढरा रंग दिलेले छत, आतल्या बाजूला खिडकीला समांतर लावलेली दिव्यांची ओळ, फळ्याची जागा बदलणे एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मात्र कोणत्या बाकावर किती उजेड आहे हे आधी पाहावे लागते. खोलीच्या मध्यभागी उभे राहून घेतलेला एकच आकडा फसवा असतो.

आता या चार गोष्टी एकत्रच का मोजायच्या, हे सांगतो. त्या चारही खिडकीपाशी येऊन एकमेकींना अडवतात. खिडकी उघडली की हवा येते, पण रस्त्याचा गोंगाट, धूळ आणि चुलीचा धूरही येतो. बंद केली की शांतता मिळते आणि कोंदटपणा वाढतो. पडदा ओढला की तिरीप जाते, वारा अडतो आणि दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात. भिंतीवरचा डिजिटल पडदा दिसावा म्हणून खोली काळोखी केली की उजेड आणि वारा दोन्ही जातात. पावसात झड आत येते म्हणून तावदाने लावली की कोकणातली दमट खोली अर्ध्या तासात गुदमरते. फक्त आवाज मोजणारा तपासनीस खिडकी बंद करायला सांगेल. फक्त हवा मोजणारा उघडायला सांगेल. आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. शिक्षक मात्र हा निर्णय रोज, दर तासाला, एकट्याने आणि कोणत्याही माहितीशिवाय घेत असतो. एकत्रित मोजमापाचा खरा उपयोग इथे आहे. शाळेबाहेर शांतता क्षेत्र राखणे हा मग केवळ आवाजाचा प्रश्न राहत नाही. खिडकी उघडी ठेवता येण्याची ती अट ठरते, म्हणजे हवेचा आणि उष्म्याचाही तो उपाय होतो. पोषण आहाराचा स्वयंपाक लाकडावर होत असेल आणि धूर वर्गाकडे येत असेल, तर स्वयंपाकघराची जागा बदलणे हे वायुवीजनाचे काम ठरते. वेगवेगळे मोजले असते तर हे संबंध दिसलेच नसते.

काही अभ्यासक चारही मापांना गुण देऊन, भार लावून, प्रत्येक वर्गाचा एकच अंक काढण्याची शिफारस करतात. शाळांची तुलना करायला तो सोयीचा वाटतो. मला तो धोक्याचा वाटतो, कारण सरासरीत दोष लपतो. उजेड उत्तम, हवा ठीक, आवाज ठीक आणि उष्मा असह्य अशा वर्गाला शंभरात सत्तर गुण मिळतील आणि त्याची फाइल बंद होईल. पण त्या वर्गात दुपारी कुणीच शिकू शकणार नाही. चांगला उजेड उकाड्याची भरपाई करत नाही. म्हणून वर्गाचा दर्जा त्याच्या सर्वांत वाईट मापावरून ठरवावा आणि दुरुस्ती तिथूनच सुरू करावी.

मोजायचे कसे, याचे उत्तर आता अवघड राहिलेले नाही. कार्बन डायऑक्साइडचा मापक काही हजार रुपयांत मिळतो. तो आधी मोकळ्या हवेत ठेवून खात्री करून घ्यावी. मग बसलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे एक मीटर, खिडकीपासून आणि कुणाच्याही थेट श्वासापासून दूर ठेवावा. उष्म्यासाठी तापमापकाबरोबर आर्द्रता आणि छपराची धग मोजावी; टेबल टेनिसच्या चेंडूला करडा रंग देऊन त्यात तापमापकाचे टोक बसवले की धग धरणारे साधन तयार होते आणि शास्त्रीय संशोधनातही ते वापरले गेले आहे. उजेड प्रत्येक कोपऱ्यातल्या बाकावर आणि फळ्यावर मोजावा. आवाज दोनदा मोजावा: मुले गप्प असताना पंखे बंद करून आणि पंखे चालू ठेवून. धूलिकणांचे स्वस्त मापक दमट हवेत वाढीव आकडे दाखवतात, म्हणून पावसाळ्यात त्यांच्यावर विसंबू नये. हे सारे वर्षातून तीनदा व्हावे: हिवाळ्यात सकाळी खिडक्या बंद असतात तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये छप्पर तापलेले असते तेव्हा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागलेला असतो तेव्हा. आणि आकड्यांच्या शेजारी मुलांचे उत्तरही लिहावे: आत्ता गरम होते का, फळा दिसतो का, ऐकू येते का. शेवटच्या बाकावरच्या मुलाचे उत्तर हे मोजमापाचा भागच आहे.

यावर येणारा पहिला आक्षेप प्राधान्याचा आहे. जिथे शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, छत गळते आहे, तिथे हवेची मापे घेत बसायचे का, असे विचारले जाईल. प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर पैशाच्याच भाषेत देता येते. शाळेवरचा सर्वांत मोठा खर्च शिक्षकांच्या वेतनाचा असतो. तापलेल्या, गोंगाटाच्या खोलीत त्या शिक्षकाचे शब्द मुलापर्यंत पोहोचत नसतील, तर तो खर्च झालेला असूनही वाया जातो. पत्र्यावर चुना किंवा पांढरा परावर्तक रंग देणे, समोरासमोरच्या भिंतीत जाळीच्या विटा बसवून वारा आरपार जाऊ देणे, गंजलेली तावदाने उघडती करणे, फळा हलवणे, ही कामे नव्या खोलीच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहेत. ज्या शाळेत शिक्षक कमी आणि वर्ग दाटीचे, तिथे तर हवेची गरज अधिकच.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: मागच्या पिढ्या झाडाखाली आणि पत्र्याखाली शिकल्या, त्यांचे काय बिघडले? झाडाखालची शाळा आणि पत्र्याखालची शाळा एका दमात सांगता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळेची कल्पना राबवली, तेव्हा मुले मोकळ्या हवेत आणि सावलीत शिकत होती. हवेच्या आणि उजेडाच्या मापांवर ती जागा आजच्या कोंदलेल्या खोलीपेक्षा सरस ठरेल. पत्र्याखाली शिकून पुढे गेलेल्यांची साक्ष आपण ऐकतो, कारण ते पुढे गेले. त्याच खोलीत ज्यांचे लक्ष उडाले, जे सहावीत गळाले, त्यांची साक्ष व्यासपीठावर येत नाही. काहींनी सोसले म्हणून सोसायला लावणे योग्य ठरत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे निकष थंड देशांतले आहेत. यात तथ्य आहे. आपल्या देशाने स्वतःचे काम केलेलेही आहे: अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच हवामानांच्या पाच शहरांत पाहणी करून भारतीयांसाठी उष्म्याच्या सोयीचे प्रतिमान मांडले. बाहेरच्या तापमानाची गेल्या काही दिवसांची सरासरी 30 अंश असेल तर नैसर्गिक हवेच्या इमारतीत 29 अंशांच्या आसपासचे तापमान आपल्या माणसांना सुसह्य वाटते, असे त्यातून निघते. वीस अंशांचा युरोपीय आग्रह आपल्याला नको, हे त्यामुळे ठामपणे म्हणता येते. पण ती पाहणी कार्यालयांत काम करणाऱ्या प्रौढांची होती. मुलांचे शरीर वेगळे असते. ती खेळून घामेजून वर्गात येतात, आणि गणवेश बदलण्याची किंवा जागा सोडण्याची मोकळीक त्यांना नसते. आपल्या मुलांसाठी आपले निकष ठरवायचे तर आपल्याच वर्गांतली मापे लागतील. हा आक्षेप मोजमापाच्या विरुद्ध जात नाही, त्याची निकड दाखवतो. आणि श्वासाचे गणित तर चंद्रपुरात आणि कोपनहेगनमध्ये सारखेच आहे.

चौथे मत ऐपतदार पालकांकडून येते: वातानुकूलन बसवा, प्रश्न संपला. उष्ण वर्गात त्याने शिकण्याचे नुकसान टळते हे अमेरिकेच्या अभ्यासातही दिसते, आणि ते नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण आपल्याकडे शाळांत जे भिंतीवरचे स्प्लिट एसी बसतात ते आतलीच हवा थंड करून परत सोडतात. बाहेरची हवा आणत नाहीत. ते चालावेत म्हणून खिडक्या बंद होतात, आणि भरमसाठ शुल्क घेणाऱ्या शाळेतले मूल गार पण कोंदट खोलीत बसते. त्या पालकांनाही मोजमापाची तितकीच गरज आहे. क्रम असा असावा: आधी छप्पर आणि सावली, मग आरपार वारा, मग पंखे, आणि तरीही भागत नसेल तिथे ताज्या हवेच्या सोयीसह वातानुकूलन.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आधीच माहितीच्या तक्त्यांनी त्यांचा वेळ खाल्ला आहे. त्यात आणखी एक तक्ता, आणि आकडा वाईट आला तर मुख्याध्यापकांना नोटीस. असे होणार असेल तर मोजमाप न झालेले बरे, कारण मग खोटेच आकडे भरले जातील. म्हणून रचना वेगळी हवी. साधनांचा एक संच प्रत्येक केंद्रशाळेत असावा आणि तो केंद्रातल्या शाळांत फिरावा. मापे सातवी-आठवीच्या मुलांनी विज्ञानाच्या तासाला घ्यावीत. आर्द्रता, ध्वनी, प्रकाश आणि श्वसन हे त्यांच्या अभ्यासाचेच विषय आहेत. एका वर्गाला एक पान पुरे. ते पान शाळा व्यवस्थापन समितीपुढे यावे, आणि कायद्याने त्या समितीवर सोपवलेल्या शाळा विकास आराखड्यात त्यातली दुरुस्ती लिहिली जावी. शाळांची क्रमवारी लावू नये. वाईट आकड्याला शिक्षा नको, निधी हवा. पटानुसार मिळणाऱ्या शाळा अनुदानातून लहान कामे आणि जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडून मोठी.

सारांश सांगतो. शाळेचा दर्जा आपण निकालावरून मोजतो, आणि निकाल कमी आला की शिक्षकाकडे, मुलाकडे किंवा पालकाकडे बोट दाखवतो. ज्या खोलीत या तिघांचे श्रम एकत्र येतात तिला आपण कधी जाब विचारलेला नाही. न्यूयॉर्कच्या त्या शाळेत शिक्षक, मुले किंवा पुस्तके बदलण्याची गरज पडली नाही. आवाज कमी झाला आणि वर्षभराची पिछाडी भरून निघाली. आपल्या किती वर्गांत अशी भरून काढता येणारी पिछाडी दडलेली आहे, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. शिक्षण विभागाने यू-डायस प्लसच्या प्रश्नांत पुढच्या वर्षी निदान चार प्रश्न जोडावेत, प्रत्येक केंद्राला एक संच द्यावा, आणि एका उन्हाळ्यात, एका पावसाळ्यात व एका हिवाळ्यात प्रत्येक तालुक्यातल्या काही शाळांची मापे घ्यावीत. पालकांनीही शाळेच्या पुढच्या सभेत गुणपत्रिकेबरोबर एक प्रश्न विचारावा: आमचे मूल बसते त्या वर्गाची हवा, उष्मा, उजेड आणि आवाज शेवटचे कधी मोजले? या प्रश्नाला उत्तर देणे ही ज्या दिवशी प्रत्येक शाळेची नेहमीची जबाबदारी होईल, त्या दिवशी शिक्षणहक्काचा अर्थ प्रवेशापुरता न राहता मूल ज्या बाकावर बसते तिथपर्यंत पोहोचेल.